साखर पेठेतली डीएल-103 : काटा बरोबर, वजन चूक

सोलापूरच्या साखर पेठेत यंत्रमागाच्या कारखान्याला भिंत लागून असलेलं एक जुनं घर आहे. खाली राहती खोली, वर फळ्यांच्या जमिनीची माडी, आणि माडीवर रेकॉर्डींचं कपाट. मालक बँकेतून निवृत्त झालेले. गल्लीत सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्याकडे टेक्निक्सचं एसएल-1200 एमके2 हे टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आहे. हे मॉडेल 1979 साली आलं. डायरेक्ट ड्राइव्ह, वेगाला पक्कं, आणि आप्पांनी ते जीव लावून जपलेलं. इतकी वर्षं त्यावर साधी मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज होती. कार्ट्रिज म्हणजे आर्मच्या टोकाचा सुईवाला भाग, जो सुईच्या हालचालीची वीज करतो; हिच्यात चुंबक हलतं, मूव्हिंग कॉइलमध्ये तारेची गुंडाळी हलते. मुलानं जपानहून येताना डेनॉनची डीएल-103 आणली आणि तिथून कटकट सुरू झाली.

डीएल-103 म्हणजे मूव्हिंग कॉइल जातीतलं जुनं, नावाजलेलं खोड. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेबरोबर ती विकसित झाली आणि अजूनही बनते. शहरातल्याच एका ओळखीच्या माणसानं ती बसवून दिली होती. सोबत कार्ट्रिजचा बारीक आउटपुट दहा पट वाढवणारा 1:10 चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरही घ्यायला लावला होता. ते बरोबरच होतं. पण लावल्यापासून तीन तक्रारी होत्या. गाण्यातला ‘स’ आणि ‘श’ फाटत होता, तान वर चढली की खरखर होत होती. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत घूंऽ असा हम होता. आणि स्पीकरचे वूफर, म्हणजे खालच्या सुरांचे मोठे पडदे, काहीही वाजत नसताना आत-बाहेर हलत होते. बसवणाऱ्यानं निदान सांगून टाकलं होतं: माल डुप्लिकेट, कार्ट्रिजच खराब.

आप्पांचा खरा प्रश्न वेगळाच होता. “अरे, पोरानं एवढ्या हौसेनं आणलंय, त्याला फोनवर काय सांगू? स म्हटलं की फाटलालाय बघ.”

मी आधी कार्ट्रिज भिंगाखाली पाहिली. सुई शाबूत, कँटिलिव्हर (सुई धरणारी बारीक दांडी) सरळ, डावी-उजवीकडे कललेला नाही. पत्रकाप्रमाणे या कार्ट्रिजचं वजन 8.5 ग्रॅम, आउटपुट 0.3 मिलिव्होल्ट, इम्पिडन्स 40 ओहम, सुईवरचा दाब 2.5 ग्रॅम, कमी-जास्त 0.3. म्हणजे 2.2 ते 2.8 च्या आत कुठेही चालेल. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेटचा आउटपुट याच्या दहा-पंधरा पट असतो. आता हे तीन गुण लक्षात ठेवायचे: हिचा आवाज अगदी बारीक आहे, हिचं सस्पेन्शन, म्हणजे कँटिलिव्हरला झेलणारं रबर, कडक आहे, आणि हिच्या पोटात दणकट लोहचुंबक आहे. तिन्ही तक्रारी या तीन गुणांतूनच निघाल्या. कार्ट्रिजचा त्यात काडीचा दोष नव्हता.

सुईचा दाब

फाटणाऱ्या ‘स’चं पहिलं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: दाब कमी पडतो आणि सुई खाचेच्या भिंतीला सोडून उडते. लोकांना वाटतं दाब कमी तर रेकॉर्डची झीज कमी. उलट आहे. उडणारी सुई परत आदळते तेव्हा खाचेला जखम करते, आणि ती जखम कायमची असते. म्हणून मी पहिला प्रश्न दाबाचाच विचारला. आप्पांनी छोटा डिजिटल काटा काढून दाखवला. बसवणाऱ्यानं त्यावरच मोजलं होतं आणि आकडा 2.50 होता. त्यांच्यासमोर मीही मोजलं. 2.50 बरोबर.

मग मी जुन्या पद्धतीनं गेलो. अँटिस्केटिंग (सुईची आतली ओढ तोलणारी सोय) शून्यावर, सुईचं प्लॅस्टिकचं टोपण लावूनच आर्म तरंगता केला. म्हणजे मागचं वजन फिरवत फिरवत आर्म प्लॅटरला (रेकॉर्डखालच्या फिरत्या थाळीला) समांतर हवेत उभा राहीपर्यंत. टोपणाचं वजन किरकोळ असलं तरी अचूक शून्यासाठी शेवटी ते काढावं लागतं. तिथे हात थरथरणाऱ्या माणसानं हे काम करू नये, दुसऱ्याला बोलवावं. तरंगता झाल्यावर वजनावरची आकड्यांची कडी शून्यावर आणली आणि वजन 2.5 पर्यंत फिरवलं. टेक्निक्सच्या पत्रकात या कडीचा पल्ला 0 ते 2.5 ग्रॅम दिलेला आहे, म्हणजे आपण तिच्या शेवटच्या टोकाशी आलो. आता तोच डिजिटल काटा खाली ठेवला तर दाखवतो 2.87.

कडी खोटी की काटा खोटा? आजकाल सगळे काट्याच्या बाजूनं बोलतात. कडी जुनी, काटा नवा, त्यात दोन दशांश. आप्पांनी शेजारच्या सराफाकडून दोन ग्रॅमचं पितळी वजन मागवलं. काट्यावर ठेवलं, 2.00. काढलं, 0.00. परत ठेवलं, 2.00. “काटा तर एकदम बरोबर की रे,” आप्पा म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं पितळेपुरतं खरं होतं.

मग मी आर्म पुन्हा शून्यावर आणून तरंगता ठेवला, टोपण आधीच परत लावलं होतं, आणि काटा हळूच सुईखाली सरकवला. स्पर्श नाही, मध्ये चांगलं पेराएवढं अंतर. आर्म आपोआप खाली वाकला आणि काट्यावर जाऊन टेकला. काटा बाहेर ओढला की परत वर. आप्पांनी तीनदा करून बघितलं आणि मग नुसते हसत बसले.

काट्याचं ताट प्लॅस्टिकचं होतं, पण त्याखालचा सांगाडा आणि स्क्रू लोखंडी. कार्ट्रिजचं चुंबक त्या सांगाड्याला खाली ओढतं. सांगाडा ताटाबरोबर तोलला जात नाही, त्यामुळे ती ओढ सुईच्या दाबात मिळून काट्यावर जास्तीचं वजन म्हणून दिसते. इथे एक बारकावा आहे. फक्त ताटच लोखंडी असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. चुंबकानं सुई जेवढी खाली दाबली, तेवढंच ताट वर उचललं गेलं असतं आणि आकडा जवळपास खरा आला असता. म्हणून “लोखंडी ताटाचा काटा वाईट” असं जे सरसकट सांगतात ते अर्धंच खरं आहे. घात करतो तो न तोलला जाणारा लोखंडी भाग. पितळी वजनाला चुंबक नाही, म्हणून ते वजन ही चूक कधीच दाखवणार नाही.

हिशेब सरळ झाला. काट्यावर 2.50 दिसत होते तेव्हा रेकॉर्डवर खरा दाब 2.1 च्या आसपास होता, कंपनीनं दिलेल्या खालच्या मर्यादेच्याही खाली. रेकॉर्डखाली अ‍ॅल्युमिनियमचं प्लॅटर, तिथे लोखंडाची ही ओढ नाही. (थोरेन्सच्या टीडी-124 सारख्या जुन्या टर्नटेबलला लोखंडी प्लॅटर असतं. तिथे हीच कार्ट्रिज प्लॅटरकडेच ओढली जाते आणि दाब वाढतो. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं.)

काटा फेकून द्यायची गरज नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीचा एक तुकडा वाकवला, एक टोक ताटावर चिकटवलं, दुसरं टोक काट्याच्या बाहेर चार बोटं पुढे आणि रेकॉर्डच्या उंचीइतकं खाली. पट्टी चिकटवल्यावर काटा शून्य करायचा आणि सुई त्या बाहेरच्या टोकावर ठेवायची. पट्टी तोलली जाते, सांगाडा लांब राहतो. टोक बाहेर गेल्यानं काही काटे आकडा बदलतात, म्हणून तेच पितळी वजन टोकावर ठेवून एकदा पडताळलं. आता काटा आणि कडी दोघांचं जमलं, फरक दोन शतांशांचा. दाब 2.5 वर ठेवला. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर जातो, सस्पेन्शनचं रबर मऊ पडतं. तरी मी दाब कमी केला नाही. पल्ल्याच्या मधोमध असलेला आकडा दोन्ही ऋतूंना चालतो.

झेरॉक्सचा प्रोट्रॅक्टर

दाब सुधारल्यावर ‘स’ बराच सावरला, पण रेकॉर्डच्या आतल्या गाण्यांत फाटणं राहिलंच. म्हणजे कोनाचा घोळ. बसवणाऱ्यानं प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिजचा कोन जुळवायचा आराखडा, वापरला होता, घरीच ठेवून गेला होता. कागदावर छापलेला, चौकात झेरॉक्सच्या दुकानातून काढलेला. त्यावर 100 मिलिमीटरची एक तपासणी रेघ होती. मी पट्टी लावली: 96.5. दुकानातल्या प्रिंटरनं पानात बसवायला चित्र आखडून छापलं होतं. ती रेघ असते कशासाठी हे कुणी वाचतच नाही.

प्रोट्रॅक्टरवरचे दोन बिंदू म्हणजे रेकॉर्डवरच्या त्या दोन जागा जिथे सुई खाचेला अगदी स्पर्शरेषेत असते. बाकी सगळीकडे थोडा कोन चुकतोच, कारण आर्म एका खुंटीवर फिरतो आणि रेकॉर्ड कापताना सुई सरळ रेषेत आत आलेली असते. बेअरवाल्डच्या गणितात हे बिंदू मध्यापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरवर येतात. टेक्निक्सचं स्वतःचं गणित वेगळं आहे. आर्मची प्रभावी लांबी 230 मिलिमीटर, ओव्हरहँग (सुई मधल्या खुंटीच्या जितकी पुढे जाते ते अंतर) 15, कोन 22 अंश. त्यातून बिंदू साधारण 58.8 आणि 113.5 वर पडतात. म्हणजे टेक्निक्सनं आतल्या गाण्यांची जास्त काळजी घेतली आणि बाहेरच्या-मधल्या भागात थोडी चूक पत्करली.

या मुद्द्यावर रात्र-रात्र वाद घालणारे लोक मला माहीत आहेत. आप्पांच्या कपाटात शास्त्रीय आणि नाट्यसंगीत जास्त. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं, बाजूच्या शेवटाला द्रुत बंदिश किंवा भैरवी, म्हणजे सगळ्यात जोराचं गाणं नेमकं सगळ्यात आतल्या, सगळ्यात दाटीच्या खाचेत. त्यात डीएल-103 ची सुई शंकूच्या आकाराची, टोकाची त्रिज्या 16.5 मायक्रॉन. आतल्या दाटीत असली सुई तशीही थोडी मागे पडते. अशा घरी टेक्निक्सचंच गणित ठेवावं असं माझं मत आहे. शिवाय हेडशेलच्या (कार्ट्रिज जिला बसते त्या आर्मच्या टोकाच्या) खाचेत कार्ट्रिज तीनेक मिलिमीटर पुढे रेटून वर तिरकी करायची कसरत वाचते. कंपनीच्या मापाप्रमाणे हेडशेलच्या जोडाच्या कडेपासून सुईच्या टोकापर्यंत 52 मिलिमीटर ठेवायचे, ते मी कॅलिपरनं ठेवले.

बसवण्याच्या कामातले दोन शब्द. या कार्ट्रिजच्या कानांत आटे नसतात, आरपार भोकं असतात, अंतर नेहमीचं 12.7 मिलिमीटर. खालून नट धरावा लागतो, आणि तोच नट हातातून सुटून सुईवर जाऊन आदळण्याची भीती खरी आहे. स्टीलचा नट किंवा साधा स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की चुंबक तो खेचून घेतं आणि सुईशेजारी चिकटवतं. पितळी स्क्रू, पितळी नट, प्लॅस्टिकचा चिमटा. टोपण शेवटपर्यंत लावलेलं. मागच्या चार पिनांना पांढरी डावीकडची, निळी डावीचीच परतीची, तांबडी उजवी, हिरवी उजवीची परतीची. तारेची टोपी सैल असेल तर बाहेर काढूनच चिमटावी. पिनवर असताना दाबू नये, आणि पिनला सोल्डर तर कधीच नाही. आतली तार केसाहून बारीक असते, उष्णतेनं सुटली तर कार्ट्रिज गेलीच. सरळपणा बघताना कार्ट्रिजच्या अंगाकडे बघायचं नाही, कँटिलिव्हरकडे बघायचं. छोट्या आरशावर सुई टेकवून समोरून पाहिलं तर कँटिलिव्हर आणि त्याचं प्रतिबिंब एका रेषेत दिसायला हवं.

आर्मची उंची रेकॉर्डला समांतर ठेवली. शंकूच्या सुईला उंचीतल्या बारीक फरकाचं फारसं काही वाटत नाही, म्हणून तिथे अर्धा तास घालवला नाही.

हम

0.3 मिलिव्होल्ट म्हणजे किती कमी हे हमच सांगतो. ट्रान्सफॉर्मर 1:10 चा, पुढे अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो इनपुटला 47,000 ओहम. दहाचा वर्ग शंभर, म्हणून कार्ट्रिजला समोर 470 ओहम दिसतात. 40 ओहमच्या कॉइलला ते सोयीचं आहे. आउटपुट दहा पटीहून थोडा कमी, साधारण 2.8 मिलिव्होल्ट निघतो, आणि तेवढा फोनो इनपुटला पुरतो. 1:20 चा ट्रान्सफॉर्मर असता तर कार्ट्रिजला 117.5 ओहम दिसले असते आणि साडेचार मिलिव्होल्टच्या जवळ आउटपुट मिळाला असता. आवाज जरा मोठा, पण मला इथे गरज वाटली नाही.

अडचण आकड्यांत नव्हती, जागेत होती. जागा वाचवायला ट्रान्सफॉर्मर अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवलेला, बरोबर खाली अ‍ॅम्प्लिफायरचा मुख्य ट्रान्सफॉर्मर. मुख्य ट्रान्सफॉर्मरचं 50 सायकलचं क्षेत्र वरच्याच्या गुंडाळ्यांत शिरत होतं आणि पुढे वाढून स्पीकरला पोचत होतं. आर्म विश्रांतीला ठेवून आवाज वाढवला, आणि वरचा डबा हातानं नुसता फिरवला. एका बाजूला हम वाढतो, काटकोनात जवळजवळ नाहीसा. एवढंच निदान. डबा हातभर लांब शेजारच्या फळीवर नेला. टर्नटेबलची अर्थची तार थेट अ‍ॅम्प्लिफायरला गेली होती आणि ट्रान्सफॉर्मरचं अंग मोकळंच होतं. ती तार आधी ट्रान्सफॉर्मरला आणि तिथून एक तार अ‍ॅम्प्लिफायरला, अशी जोडली. जुन्या घराच्या वायरिंगमध्ये तीन पिनांच्या सॉकेटची वरची पिन नुसती नावाला होती. ते काम वायरमनचं, आप्पांनी नंतर करून घेतलं.

भिंतीपलीकडचे माग

हलणाऱ्या वूफरचं कोडं इथे गावातच सुटण्यासारखं आहे. भिंतीपलीकडे टॉवेलचे माग. धोट्याचा फटका मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा, म्हणजे सेकंदाला दोनेक. हे दोन हर्ट्झ आणि त्याच्या पटी, चार, सहा, आठ, दहा, बारा, भिंतीतून फळ्यांच्या जमिनीत आणि तिथून टर्नटेबलमध्ये.

आर्म आणि कार्ट्रिजचं सस्पेन्शन मिळून एक स्प्रिंग-वजनाची जोडी होते आणि तिचा स्वतःचा एक झोका असतो. डेनॉन कॉम्प्लायन्स, म्हणजे सस्पेन्शनचा लवचिकपणा, 100 हर्ट्झला 5 × 10⁻⁶ सेंटिमीटर प्रति डाइन देतं. 10 हर्ट्झला तो आकडा दीड ते दोन पट धरतात, मी 9 धरला. आर्मची प्रभावी वस्तुमानता 12 ग्रॅम, कार्ट्रिज 8.5, स्क्रू-नट एक: मिळून 21.5. 21.5 गुणिले 9, त्याचं वर्गमूळ साधारण 13.9, आणि 159 ला त्यानं भागलं की 11.4 हर्ट्झ. 8 ते 12 च्या आत, म्हणजे जोडी चांगली. पण मागाच्या पटींपैकी एखादी तिथेच येऊन बसते, आणि झोका वाढतो.

डीएल-103 ला जड हेडशेल लावा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. आप्पांनाही मिळाला होता. नेहमीच्या साडेसात ग्रॅमच्या जागी पंधरा ग्रॅमचं हेडशेल लावलं तर झोका 9.8 हर्ट्झवर येतो. तोही चालण्यासारखाच, पण इथे त्यानं काही साधत नाही. एका पटीवरून उठून दुसऱ्या पटीवर बसल्यासारखं होतं, वर मागचं वजन कमी पडून जादा वजन लावावं लागतं. हलक्या आर्मला हा सल्ला रास्त आहे. या आर्मला नाही.

माग बंद असलेल्या सुट्टीच्या दिवशी वूफर शांत होते, तेव्हा शंका उरली नाही. टर्नटेबल माडीवरून खाली आणलं, कारखान्यापासून लांबच्या भिंतीशी, दगडी ओट्यावर. ओट्यावर स्कूटरची अर्धवट हवा भरलेली ट्यूब, ट्यूबवर शहाबादी फरशीचा चौकोन, त्यावर टर्नटेबल. फरशी जड असल्यानं ट्यूबवरचं तिचं हिंदकळणं तीन-चार हर्ट्झच्या आसपास येतं आणि दहा-बारा हर्ट्झचा हादरा वर पोचेपर्यंत बराच मरतो. मागाचा मूळ दोन हर्ट्झचा फटका यानं थांबत नाही, पण तो आर्मच्या झोक्यापासून लांब आहे. पातळी पाण्याच्या लेव्हलनं बघितली. ट्यूबची हवा हळूहळू उतरते, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी परत बघावं लागेल. आप्पांच्या सुनेला ओट्यावरची ट्यूब अजिबात आवडलेली नाही. तिनं तिच्याभोवती चादरीची झालर लावलीय, आणि ट्यूबला चिकटत नाही तोवर माझी त्याला हरकत नाही.

मागांचा दुसरा त्रास म्हणजे कापसाचं तूस. या गल्लीत ते सगळीकडे असतं आणि कोरड्या हवेत रेकॉर्डवर स्थिर विजेनं चिकटतं. एका बाजूनंतर सुईवर राखाडी बोंड दिसतं. प्रत्येक बाजूआधी कार्बन फायबरच्या ब्रशनं रेकॉर्ड, आणि सुई छोट्या कोरड्या ब्रशनं मागून पुढे, कधीही आडवी नाही. मूव्हिंग कॉइलची सुई आपल्याला बदलता येत नाही. मोडली तर अख्खी कार्ट्रिज कंपनीकडून बदलून घ्यायची किंवा कारागिराकडून नवी सुई बसवून घ्यायची.

आता काय स्थिती आहे? हम गेला. वूफर माग चालू असतानाही जवळजवळ स्थिर आहेत, हात लावला तर थोडं जाणवतं. ‘स’ स्वच्छ आहे. भीमसेनजींच्या एका एलपीच्या दुसऱ्या बाजूची शेवटची दोन मिनिटं मात्र अजून खरखरतात. कमी दाबाच्या काळात तीच रेकॉर्ड सगळ्यात जास्त लावली गेली होती, आणि तिची खाच आता भरून येणार नाही. त्याच गायकाच्या, कमी वाजवलेल्या दुसऱ्या एलपीवर तसं काही नाही.

कपाटाच्या खालच्या खणात 78 च्या लाखेच्या रेकॉर्डींची थप्पी आहे. आप्पांना त्याही याच सुईनं ऐकायच्या होत्या. त्यांची खाच एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद, ही सुई तळाशी जाऊन घासेल, आणि या टर्नटेबलला 78 चा वेगही नाही, फक्त 33⅓ आणि 45. त्यासाठी 78 चा वेग असलेलं दुसरं टर्नटेबल आणि तीन मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुईची मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज लागेल. मुलाला फोन त्यासाठीच गेला.